मधल्या रेषेजवळचा खड्डा

खांद्याने रेटल्याशिवाय स्वयंपाकघराचं दार लागणार नाही हे धाकटीच्या लक्षात आलं, तेव्हा थोरली जाऊ पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती.

"राहू दे उघडंच," ती वळून न बघता म्हणाली. "पावसाळ्यात लाकूड फुगतं."

धाकटी बरं म्हणाली आणि कपबशा घेऊन बाहेर आली. पण पावसाळा सरून कितीतरी दिवस झाले होते. बाहेर ऊन चांगलं तापत होतं, दोरीवरचे कपडे तासाभरात कडकडीत वाळत होते. अशा दिवसांत लाकूड फुगत नाही. फुगलेल्या दाराचा आवाजही वेगळा येतो. हे दार खालून अडत होतं, म्हणजे जमीन तरी वर आली होती नाहीतर चौकट तरी तिरकी झाली होती.

त्या दिवसापासून ती जावेच्या घराकडे चोरट्या नजरेने बघायला लागली. मागची खोली कायम कुलूपबंद असायची. बैठकीच्या चार भिंतींपैकी एकाच भिंतीला नवा रंग होता. कुंपणाची भिंत मोकळ्या जागेच्या बाजूने मध्येच दोन हात नव्या विटांची होती, जुन्या कपड्याला ठिगळ लावावं तशी. आणि थोरली, जिच्या तोंडाला एरवी क्षणाची उसंत नसायची, ती जागेचा विषय निघाला की भांडी घासायला उठायची.

जागेचा विषय थोरल्यांनीच, म्हणजे मोठ्या दिरांनीच, काढला होता. घराशेजारचा मोकळा अर्धा भाग तुम्ही घ्या, म्हणाले. किंमत अशी सांगितली की त्यात त्या वस्तीत कुणी गाडी लावायलाही जागा दिली नसती. धाकटीच्या नवऱ्याचे तर डोळेच भरून आले. वडील गेले तेव्हा तो पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होता. थोरल्यांनी स्वतःचं शिक्षण सोडून छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम धरलं आणि त्याला वाढवलं. दादा म्हणेल ती पूर्व दिशा, असा त्याचा हिशेब. घरी जाता जाता बसमध्येच त्याने कुठली खोली कुठे हे बोटाने खिडकीच्या काचेवर काढून दाखवलं.

धाकटीने विचारलं, इतकी मोक्याची जागा इतकी वर्षं रिकामी का पडली?

"दादाला विकायची नव्हती."

"मग आता का विकतायत?"

नवऱ्याने काचेवरचं बोट काढून घेतलं.

तिच्या संशयाला कारण होतं. तिचं माहेर एका बुजवलेल्या तळ्यावर उभं होतं. वडिलांनी ती जागा जिवलग मित्राकडून घेतली होती. दरवर्षी भिंतींना भेगा पडायच्या, आणि दरवर्षी वडील सुट्टीच्या दिवशी थापी आणि घमेलं घेऊन त्या लिंपत बसायचे. शेवटी एक कोपरा उरलेल्या घराला सोडून वेगळा झाला आणि सगळं बिऱ्हाड मावशीच्या गॅलरीत आलं. तो मित्र तिथेही भेटायला यायचा, चहा प्यायचा, हळहळायचा. त्याला आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं, हे वडिलांना मरेपर्यंत कळलं नाही. घर गेलं त्यापेक्षा हे न कळणं त्यांना जास्त लागलं होतं.

धाकटी एका बेकरीच्या काउंटरवर काम करायची. रोज पाव घ्यायला येणारा एक तरुण जमिनीची तपासणी करणाऱ्या इंजिनिअरच्या हाताखाली असल्याचं तिला कळलं होतं. त्याच्याकडून तिने साहेबांची वेळ घेतली आणि घरी सांगितलं की कर्जासाठी बँकेला मातीचा अहवाल लागतो. ही शुद्ध थाप होती. नवऱ्याला ती कळली असावी, कारण तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादाला तूच सांग. माझी जीभ रेटणार नाही."

तिने सांगितलं. थोरले म्हणाले, "करा की. चांगलंच आहे."

हे तिला आणखीच खटकलं. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तपासणीच्या सकाळी थोरल्यांनी मोकळ्या जागेत खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. इंजिनिअर म्हणजे चाळिशीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा गृहस्थ होता. त्याने बरोबर खणणारी दोन माणसं आणली होती. कुठे खणायचं हे तो ठरवायच्या आतच थोरले उठून जागा दाखवू लागले. इथे बघा, तिथे बघा. पहिला खड्डा कमरेएवढा गेला आणि पिवळसर घट्ट मुरूम लागला. पहारीचा आवाज बदलला. दुसऱ्या खड्ड्यातही तेच. इंजिनिअरने ढेकूळ हातात दाबून बघितलं, पाण्यात टाकून बघितलं आणि मान डोलावली. नवऱ्याने धाकटीकडे अशी नजर टाकली की तिने तिथेच कान धरावेत.

पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दोन्ही जागा थोरल्यांनी दाखवलेल्या होत्या, आणि दोन्ही कुंपणाच्या भिंतीपासून लांब.

"तिसरा त्या दोन भागांच्या मधल्या रेषेजवळ घ्या," ती म्हणाली. "त्या नव्या विटांपाशी."

"तिथे नको," थोरले म्हणाले. "भिंतीला धक्का लागेल."

"भावजी, बँकेची माणसं तिथलाही नमुना मागतील."

थोरल्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ही थाप आहे हे त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं, असं तिला त्या एका नजरेत कळलं. ते उठले आणि घरात गेले.

तिसऱ्या खड्ड्यात पहार लोण्यात शिरावी तशी शिरली. आधी राख निघाली. मग फुटक्या बाटल्या, कपबशांचे तुकडे, विटांचा चुरा, एक बिनतळाचा बूट. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. आपण जिंकलो, असं तिच्या मनात आलं, आणि त्यात आनंदाचा लवलेशही नव्हता.

इंजिनिअर मात्र खड्ड्यात उतरला. त्याने मोकळ्या जागेच्या बाजूने आणखी थोडं खणायला सांगितलं. दोन हातांवर पुन्हा पिवळा मुरूम लागला, तासून काढल्यासारखा उतरता. तो हात झटकत वर आला.

"जुनी खाण असणार. राडारोडा टाकून भरलेली," तो म्हणाला. "पण तिची कड इथे संपते. तुमची जागा पक्की आहे, ताई. भराव सगळा पलीकडे जातो."

पलीकडे थोरल्यांचं घर होतं.

खणणारी माणसं पहारींवर रेलून उभी राहिली. थोरले दारात आले होते. त्यांनी खड्ड्यात डोकावण्याची तसदी घेतली नाही.

"दादा, तुला माहीत होतं?" धाकट्या भावाने विचारलं.

"माझ्या घराच्या पायाचे खड्डे मीच उभं राहून खणून घेतले. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"मग घर इकडे का नाही बांधलंस? सगळी जागा तुझीच होती."

थोरल्यांनी पुढे येऊन खुर्ची उचलली, घडी घातली.

"तू शाळेत होतास," ते म्हणाले आणि खणणाऱ्यांना खड्डा बुजवायला सांगून आत गेले.

धाकटी त्यांच्या मागोमाग जाऊ शकली नाही. ती मागच्या बाजूने स्वयंपाकघरात गेली. थोरली ओट्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. डोळे पुसलेले होते, पण आवाजात रडू नव्हतं, राग होता.

ठेकेदाराने सांगितलं होतं, ती म्हणाली, की एकच मजला घ्या, भराव बसेल हळूहळू. तो बसतोच आहे अजून. मागच्या खोलीची फरशी वाटीसारखी खोल गेली म्हणून कुलूप लावलं. शेजारची पक्की जागा धाकट्याची, तिला हात लावायचा नाही, एवढंच त्यांनी लग्न झाल्यावर सांगितलं होतं.

"मला विचारलं नाही कुणी. भेगा मात्र मी बुजवते," ती म्हणाली. "पैसे घ्या हे मीच म्हणाले. फुकट दिलं असतं तर तू घेतलं नसतंस, आणि घेतलं असतंस तर मला ते सोसलं नसतं."

धाकटीने बेसिनमधल्या कपबशा विसळायला घेतल्या. थोरलीने नको म्हटलं नाही.

परतताना बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत होता. संशयाची सवय अशी एका दिवसात सुटत नाही. धाकटीच्या मनात येऊन गेलंच की आपण त्यांना आसरा द्यावा म्हणून तर हा सगळा बेत नसेल? मग तिला दरवाजातली थोरल्यांची उभी आकृती आठवली. खरं उघड झाल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. ते तर काहीतरी हिसकावून घेतल्यासारखे दिसत होते. इतकी वर्षं एकट्याने जपलेली गोष्ट तिने खणून काढून चार लोकांसमोर राखेच्या ढिगावर ठेवली होती. तिला वडील आठवले. मित्राला ठाऊक होतं का, हे विचारण्याचं धाडस त्यांनी कधी केलं नाही. त्यामागे भीती असेल असं तिला आजवर वाटत आलं होतं. आता तिची तितकी खात्री राहिली नाही.

"नकाशात तळमजल्यावर एक खोली वाढवू," ती म्हणाली.

नवऱ्याने कशाला म्हणून विचारलं नाही. फक्त मान हलवली.

बांधकाम सुरू झालं. थोरल्यांशी त्या दिवसाबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही, आणि तेही पूर्वीसारखे मोकळे राहिले नाहीत. धाकटीला ते 'या, बसा' म्हणायचे, पण पूर्वी 'ये, बस' म्हणायचे. हा फरक तिला दर भेटीत टोचायचा, आणि तो मिटवायचा कसा हे तिला कळत नव्हतं.

एके दिवशी बेकरीतून लवकर सुटून ती बांधकामावर आली. मिस्त्री आणि मजूर जेवायला गेले होते. भिंती छातीएवढ्या आल्या होत्या. पायजमा वर दुमडून थोरले एकटेच नळीने विटांना पाणी मारत होते. घाई नव्हती. एक भिंत वरपासून खालपर्यंत भिजली की पुढची. वाढवलेल्या खोलीपाशी ते आले, तिचं वेगळं दार कुठे सोडलंय ते त्यांनी पाहिलं, नळीच्या तोंडावर अंगठा धरून धार बारीक केली आणि आतल्या कोपऱ्यांना सावकाश पाणी देऊ लागले. ही खोली कुणाची, हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

नळीला मध्येच पीळ पडून धार तुटली. धाकटी पुढे झाली, खाली वाकून तिने पीळ सोडवला आणि नळी उचलून धरली. थोरल्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाणी पुन्हा आलं तसे ते पुढच्या भिंतीकडे सरकले, आणि त्यांच्यामागून नळी सोडत ती.