टाळ्या पडू नयेत म्हणून

मास्तरांच्या मनगटाचं ऑपरेशन ठरलं आणि हॉटेलच्या लाउंजमधला त्यांचा पियानो दोन महिने कोण वाजवणार, हा प्रश्न आला. कुणी नाहीच मिळालं तर पियानो काढून स्पीकर लावू, असं मॅनेजर म्हणाला होता. एकदा बाहेर गेलेला पियानो परत आत येत नाही, हे मास्तरांना माहीत होतं.

"तू बस," ते मला म्हणाले.

मी त्याच हॉटेलात पडदे शिवते. मास्तरांचा पियानो ऐकून ऐकून, घरच्या जुन्या कीबोर्डवर माझी मीच शिकले. तीन वर्षं रोज सकाळी रिकाम्या लाउंजमध्ये मास्तर माझ्या चुका काढतात. निम्म्या सुधारतात, उरलेल्यांना ते 'तुझी स्टाइल' म्हणतात.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला मॅनेजर मला ऐकणार होता. मास्तर मनगटाला पट्टा बांधून, सोडा घेऊन कोपऱ्यात बसले. मी जीव ओतून वाजवलं. उजवा हात नुसता उधळला होता. बोलणी थांबली, माना वळल्या आणि शेवटी टाळ्या! मी लाजून मास्तरांकडे पाहिलं, तर त्यांनी कपाळाला हात लावलेला.

ते उठून जवळ आले. "काय केलंस हे?"

"टाळ्या पडल्या की!"

"तेच म्हणतोय. लोक इथे एकमेकांशी बोलायला येतात. खिडकीतला तो माणूस मघाशी कसाबसा बोलायला लागला होता. गप्प केलंस त्याला."

तो ग्लासातला बर्फ हलवत बसला होता. समोरची बाई पर्स मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत.

"मग वाजवू तरी कसं?"

"घरी कुणासाठी वाजवतेस?"

घरी रविवारी दुपारी, सासूबाईंचा डोळा लागावा म्हणून. जोरात वाजवलं की त्या दचकतात आणि थांबले की मिटल्या डोळ्यांनीच विचारतात, "का गं, हात दुखले?"

मी डावा हात सावकाश, एका चालीत सोडला. उजव्याला म्हटलं, बाबा रे, कुणाचं बोलणं अडलं तरच तोंड उघड. हळूहळू गप्पा वर आल्या, बर्फ किणकिणायला लागला. खिडकीतला माणूस अडखळला की मी दोन-चार सूर पुढे सरकवायची, सासूबाईंच्या पायांवर चादर सरकवते तसे. तो पुन्हा बोलायचा. बाईने पर्स खाली ठेवली.

मॅनेजर मात्र दारात फोनवर बोलत उभा. माझ्याकडे ढुंकूनही बघेना. मी डावा हात तसाच चालू ठेवला.

सातला मी हात उचलले. लाउंज एकदम उघडंबोडकं झालं. सगळे अर्ध्या वाक्यात थबकले. खिडकीतली बाई वळून म्हणाली, "अहो, का थांबलात?"

मॅनेजरने फोन कानापासून दूर धरला. "हो ना! सोमवारपासून तुम्हीच आहात, तर आज इतक्यात काय थांबताय?"

मास्तरांनी त्यांची बसायची जुनी उशी आणून माझ्या हातात दिली. "दोन महिन्यांनी परत हवी हं. उशी आणि जागा, दोन्ही."

"उसवलीय ही."

"मग शिवून दे," ते म्हणाले आणि घाईघाईने सोड्याकडे वळले.