पोराच्या दंडावरचा डोळा

बिरोबाच्या देवळापुढं त्या सकाळी एवढी माणसं जमली होती, की लिंबाच्या फांद्यांवरही चार-दोन जण चढून बसले होते. आदल्या पावसाळ्यात माझ्या शाळेची भिंत खचली, तेव्हा मी घरोघरी फिरून माणसं मागितली होती. तिघं आले आणि त्यांतले दोघं तंबाखू मळून परत गेले. आणि इथं क्षीरनाथ महाराजाच्या मांडवाच्या मेढी रोवायला अख्खं कळंब गाव कंबर कसून उभं. मला त्या माणसाचा हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकतो. मी मास्तर असलो तरी माणूसच आहे.

महाराज पांढऱ्या कफनीत बसला होता, समोर दुधाची चरवी. त्याचा घसा चांगला होता. "दूध म्हणजे सत्त्व! सत्त्वाला खोटं चालत नाही. दूध बोलतं, बाबांनो, ऐकणारा कान पाहिजे." कान त्याचा तिखट होताच. ज्या गावी जायचं, तिथल्या घराघरांतल्या कुरबुरी त्याचा चेला चार दिवस आधी येऊन ऐकून जायचा.

त्या दिवशी त्याच्यापुढं गेणबाचं घर बसलं होतं. हे एके काळी मेंढरांमागं हिंडणारं घर. पाटाचं पाणी आल्यावर मेंढरं विकून त्यांनी ऊस आणि भाजीपाला लावला. गेणबा, त्याची बायको धोंडाबाई, थोरला झुंबर, धाकटा सावळाराम आणि दोघांच्या बायका. धाकटीचं, छबूचं, नवसाचं पोर बिरू, अजून वर्षाचंही झालं नव्हतं. छबूला विषमज्वर झाला, अंगावरचं दूध आटत चाललं, म्हणून पोराला चमच्यानं म्हशीचं दूध सुरू केलं. पण चमचा तोंडाला लागला की पोराचे ओठ सुजायचे आणि अंगभर गांधी उठायच्या. घरची माणसं घाबरून गेली होती.

महाराजानं बेलाचं पान दुधात बुडवलं आणि एक थेंब पोराच्या दंडावर टेकवला. थोड्या वेळानं तिथली कातडी वर आली. मध्ये पांढुरकी टेंगळी आणि भोवती लाल कडं. तो म्हणाला, "बघा, डोळा उमटला. लेकरावर जळणारीचा डोळा आहे हा, आणि ती याच घरात आहे." गर्दीतून एकदम हुंकार उठला. बायकांनी आपापली पोरं पदराआड घेतली.

मीही पाहिलं. खोटं कशाला बोलू, ते डोळ्यासारखंच दिसत होतं.

आमच्याकडं मेंढरांवरून तंटा झाला की बिरोबापुढं दुधाच्या भांड्यावर हात ठेवून शपथ घेत. महाराजानं त्याला आपलं शेपूट जोडलं. हात ठेवायचा नाही, दूध प्यायचं. जिच्या मनात पाप असेल तिच्या पोटात ते दूध राहणार नाही. आई म्हणून छबूला वगळलं. धोंडाबाईला वयाचा मान म्हणून घोटभर दिलं. आणि थोरल्या सुनेच्या, जयवंताच्या हातात शिगोशीग भरलेला तांब्या आला. तोही अनशापोटी, कारण परीक्षेआधी खायचं नाही असा हुकूम होता.

जयवंताला तीन पोरी. धाकटीचं नाव नकोशी, यावरून काय ते समजा. घरातली दुभती म्हैस छबूच्या नावची, नवं लुगडं छबूला, पोर मांडीवर घेऊन वेशीपर्यंत मिरवायचा मानही छबूचा. थोरलीनं शेणकूट करायचं आणि गप्प राहायचं. ती धाकटीवर जळते, हे गावाला माहीत होतं आणि म्हणून महाराजालाही माहीत होतं.

तासाभरानं जयवंताचं पोट फुगलं, गुरगुरायला लागलं आणि ती तोंडाला पदर लावून ओढ्याकडं पळाली. झालं, निकाल लागला. येत्या रविवारी जयवंतानं माहेरी, नरसिंहपूरला निघून जायचं. पोरी घराण्याच्या, त्या इथंच राहतील. तिनं गावची शीव ओलांडली, की महाराज आपल्या हातानं बिरूला वाटीभर दूध पाजणार आणि ते अमृतासारखं अंगी लागणार. गेणबानं मान डोलावली. झुंबरनं बायकोकडं पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी मी जयवंताला विहिरीवर गाठलं. मला तिला सांगायचं होतं, की हे सगळं थोतांड आहे, तू जाऊ नकोस. तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्याकडं सरळ बघत बोलली.

"गुरुजी, मी जळते. खरंच जळते. छबूचं पोर हसलं की माझ्या आतड्याला पीळ पडतो. मग म्हाराज खोटा कसा?"

खोटं कबूल करणारी माणसं मी पाहिली आहेत, पण खरं कबूल करून शिक्षा मागणारीपुढं काय बोलणार? उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, दूध कधीपासून बाधतं? ती म्हणाली, पोरगी होते तेव्हा एकदा बाधलं, पुन्हा कधी तोंडाला लावलंच नाही. आणि ताक? तर ताकाशिवाय तिचा घास उतरत नव्हता. दही तर वाटी वाटी खायची.

मी घरी आलो आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागलो. त्याच म्हशीचं दूध, त्याच बाईचं पोट. मग महाराजाचं सत्त्व विरजण लागलं की झोपी जातं काय? आणि पोराला तर थेंबानं होतं. हिला तांब्याभर लागलं. पोराचं कातडं सुजतं, हिचं फक्त पोट वाजतं. दोघांचं दुखणं एक कसं म्हणायचं?

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर सायकल काढली आणि इंदापूरला डॉक्टर फडे यांच्याकडं गेलो. डॉक्टर आधीच महाराजावर खार खाऊन होते. म्हणाले, "अर्धा दवाखाना त्यानं पळवलाय. माझं औषध कडू, त्याचा अंगारा गोड. मला तुमच्या गावात आणून तरी काय उपयोग?" मी पोराच्या दंडाची गोष्ट सांगितली तेव्हा ते ऐकायला लागले. वाटीभर दुधाची सांगितली तेव्हा उठून उभे राहिले.

"थेंबानं ज्याचा दंड सुजतो, त्याच्या घशात वाटीभर ओतणार? घसा आतून सुजला तर ते पोर श्वास कुठून घेईल, मास्तर?"

रात्री तिथंच राहिलो आणि रविवारी सकाळी सायकल तिथंच ठेवून, त्यांच्या फटफटीवर मागं बसून मी गावात आलो. डॉक्टरांच्या पेटीत सुई तयार होती. देवळापुढं पहिल्यापेक्षा जास्त गर्दी. मांडवाच्या कडेला जयवंता बोचकं घेऊन उभी होती, नकोशीनं तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला होता. महाराजापुढं चांदीची वाटी भरून ठेवलेली.

मला वाटलं, डॉक्टर आल्या आल्या भांडतील. त्यांनी तर महाराजाला हात जोडले. परीक्षा खरी आहे ना, असं अदबीनं विचारलं. मग ती पुरुषांना का नाही? नजर काय बायकांचीच लागते? सावळारामच्या उसावर किती जणांचा डोळा असेल, त्यांच्यातला एखादा सुटून गेला तर पोराला पुन्हा बाधा होईल. महाराज गर्दीकडं पाहून फुगला आणि म्हणाला, "सत्त्वापुढं बाई काय आणि बाप्या काय." तिथं तो फसला.

आता खरं सांगतो. सावळारामचा ऊस गावात सगळ्यांत उंच होता. त्याच्यावर जळत नाही असा माणूस त्या देवळापुढं नव्हता, मीसुद्धा त्यातलाच. म्हणून तर आपण जळत नाही हे दाखवायला जो तो पुढं सरसावला. गेणबा म्हणाला, आधी मी. सर्जेराव पाटलानं मिशीवर हात फिरवला. सावळारामही पुढं आला, बाप असून मागं राहिलो तर लोक काय म्हणतील, असं म्हणत.

डॉक्टरांनी दूध नीट उकळून घेतलं, म्हणजे निरशा दुधानं झालं असं नंतर कुणाला म्हणता येऊ नये. कुणी न्याहारी केली नव्हती. प्रत्येकाला तांब्याभर. महाराजालाही विचारलं, तर म्हणाला, माझा उपास आहे. यावर धोंडाबाई सहज बोलून गेली, की दूध उपासाला चालतंय की. मग तो उपास निर्जळी झाला. पहाटे आपल्या ओट्यावर त्यानं चहा घेतला होता, हे पाटलानंच मला नंतर सांगितलं.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या गावात म्हशी घरोघरी, पण दूध पिणारं मोठं माणूस घरोघरी नव्हतं. धार काढली की दूध हॉटेलवाल्याकडं किंवा खव्याच्या भट्टीवर जायचं. घरी उरलेल्याला विरजण लागायचं. मोठी माणसं ताक प्यायची, दह्याशी भाकरी खायची, दूध दिसायचं ते चहात पळीभर. तांब्याभर दूध आपल्या पोटाला मानवतं का नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तासाभरात मांडवात चुळबुळ सुरू झाली. आधी पाटील उठले, शेताकडं एक काम आठवलं म्हणाले. मग आणखी दोघं धोतराचा सोगा सावरत ओढ्याकडं. गेणबाचं पोट असं वाजलं की शेजारच्यानं मान वळवून बघितलं. लोक हसायला लागले. निम्म्या पुरुषांचे चेहरे ओढले होते, निम्मे मजेत बसले होते. आणि मग सावळाराम पोट धरून उठला.

हसणं थांबलं. पोराचा सख्खा बाप होता तो. महाराज घाईनं म्हणाला, की बापाच्या आड दुसरंच कुणीतरी बसलंय. पण धोंडाबाई पुढं आली होती.

"बाप लेकरावर जळतो व्हय, म्हाराज? आन् माझा म्हाताराबी? मग माझ्या सुनंलाच का हाकलायचं?"

महाराजानं दूध, सत्त्व, कलियुग असं बरंच काही म्हटलं, पण ऐकायला कुणी थांबलं नाही. डॉक्टरांनी जयवंताला बोलावलं आणि त्याच चांदीच्या वाटीतला थेंब तिच्या दंडावर ठेवला. थेंब वाळून गेला. ना टेंगळी, ना लाल कडं. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"ही दोन दुखणी वेगळी आहेत. या लेकराचं रक्त जनावराच्या दुधाला शत्रू समजतं. थेंब लागला की अंग त्याच्याशी लढायला उठतं, त्यानं गांधी येतात, ओठ सुजतात, घसा सुजला तर जीव जातो. त्याला दूध नको, दही नको, ताक नको, शेळीचंही नको. ही बाई, पाटील, गेणबा, सावळाराम, यांचं तसं नाही. दुधात एक साखर असते. ती पचवणारा रस लहानपणी पोटात असतो, मोठेपणी कित्येकांचा कमी होतो असं दिसतं. मग ती साखर पोटात आंबते, वारा धरतो, जुलाब होतात. त्रास होतो, पण जीव जात नाही. घोटभर चालतं. दही चालतं, कारण विरजण ती साखर बरीच खाऊन टाकतं. म्हणून म्हातारीला घोटभर, आणि हिला तांब्याभर."

शेवटचं वाक्य त्यांनी महाराजाकडं बघून म्हटलं. महाराज तोवर कफनी आवरत होता. त्याला कुणी मारलं नाही, अडवलं नाही. दुपारच्या गाडीनं तो गेला, आणि सोबत चांदीची वाटीही गेली.

डॉक्टरांनी छबूला सांगितलं, की अंगावर जेवढं उतरेल तेवढं पाज, जोडीला तांदळाची पेज आणि मुगाच्या वरणाचं पाणी दे. पुष्कळ पोरांचं हे मोठेपणी जातं, पण ते गेलं का नाही हे घरी बघायचं नाही, माझ्याकडं आणायचं.

जयवंता अजून बोचकं धरून उभीच होती. सगळ्यांचं झाल्यावर ती म्हणाली, "डाक्टर, पर मी जळत हुते त्ये खरं हाय. आजबी जळते."

डॉक्टर पेटीचा पट्टा आवळत म्हणाले, "मग जळा. जळण्यानं पोरं सुजत नाहीत, बाई. सुजत असती तर या तालुक्यात एक पोर धड राहिलं नसतं. मी त्या महाराजावर दोन महिने जळतोय, त्याला साधी शिंकसुद्धा आली नाही."

जयवंता हसली नाही. ती खाली बसली आणि रडली, आणि नकोशी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. झुंबर खाली बघत आला आणि बोचकं उचलून घराकडं निघाला.

मग छबूनं बिरूला आणून थोरल्या जावेच्या मांडीवर ठेवलं. "आक्का, पेज तुमी भरवा," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय. तुमी तीन पोरी वाढवल्यात, तुमच्या हाताला कळतंय. मला तुमचा ह्यापायीच राग यायचा." जयवंतानं डोळे पुसले आणि पोराचं डोकं कोपरात नीट घेतलं.

पुढं डॉक्टर लोकांनी या दोन दुखण्यांना वेगवेगळी नावं दिली, त्यांच्या तपासण्या निघाल्या. ते शिकून घ्या, उपयोगी पडेल. ज्याला गांधी उठतात, ओठ सुजतात, त्याला ताबडतोब डॉक्टरकडं न्या, घरी प्रयोग करू नका. आणि मनात हेवा आला तर लाज धरू नका, तो कुणाच्या रक्तात उतरत नाही. पण उद्या तुमच्या गावात कुणी एखाद्या बाईला उभी करून तिच्या पापाची परीक्षा घ्यायला लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच करा. तिला जे प्यायला लावलं, ते स्वतः तांब्याभर पिऊन बघा.