खिडकी चार, खिडकी नऊ

मंगळवार, ११ मार्च. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. इस्पितळाच्या विमा-कक्षात खिडक्या अकरा, त्यांमागे कंपन्या अकरा आणि रांगांत मिळून माणसे सदतीस. गिअरच्या कारखान्यातला तपासनीस चौथ्या खिडकीसमोर उभा राहून हे सवयीने मोजत होता. मोजदाद चालू असली की मन ताळ्यावर राहते, हा त्याचा एकतीस वर्षांचा अनुभव होता.

वर तिसऱ्या मजल्यावर त्याची बायको पडून होती. उजव्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता, कारण मांडीतली रक्तवाहिनी तुंबली होती. सर्जनने आडपडदा न ठेवता सांगितले होते, "दोन दिवसांत ती मोकळी केली, तर अंगठ्यावर निभावेल. उशीर झाला तर कुठवर कापावं लागेल, ते आज सांगता येत नाही." विम्याच्या मंजुरीखेरीज इस्पितळ शस्त्रक्रियेची वेळ देत नव्हते. पदरच्या पैशांनी ती करणे तपासनिसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

कारखान्याच्या विम्याचा अर्ज त्याने घोटीव अक्षरात भरला होता. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, ही कारखान्याची शिस्त. बायको शाळेत ग्रंथपाल. तेव्हा 'अन्य विमा आहे काय?' या प्रश्नापुढे त्याने तिच्या शाळेच्या विम्याचा क्रमांकही इमानेइतबारे लिहिला होता.

खिडकीतल्या मुलीने ते वाचून कपाळाला हात लावला. "काका, हे कशाला लिहिलंत?"

"खरं आहे म्हणून."

"खरं आहे हो! पण आता आमची कंपनी म्हणणार, आधी शाळेच्या कंपनीचा निर्णय आणा. खिडकी नऊ."

"मग तेवढं खोडतो."

"कॉम्प्युटरात गेलं काका. आता खोडलं तर लपवाछपवी ठरेल."

खिडकी नऊचे म्हणणे त्याला साडेदहाला कळले. आधी खिडकी चारचा निर्णय आणा.

तो वर गेला तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती. नर्सने अंगठ्याच्या मुळाशी पेनाने रेघ ओढून ठेवली होती.

"काय म्हणतायत माझ्या दोन सवती?" तिने विचारले.

"एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला."

"आणि तुम्ही चारचौघांत मिरवत होतात, आमच्याकडे दोन-दोन विमे आहेत म्हणून!" ती हसली; मग जरा थांबून म्हणाली, "अहो, आग लागल्यावर बंबवाला विचारत बसतो का, की हे घर नक्की कोणाच्या बंबाचं?"

त्याची नजर रेघेवर गेली. काळेपणा रेघेला टेकला होता.

बुधवारी सकाळी काळेपणा रेघेपुढे दोन सेंटिमीटर सरकला होता. दुपारी दोन्ही कंपन्यांची पत्रे आली; कंपनीचे नाव सोडले तर मजकूर शब्दशः एकच: आधी दुसऱ्या कंपनीचा निर्णय आणा. बाकावर बसून तपासनिसाने ती दोनदा वाचली. कारखान्यात एके काळी गिअरच्या प्रत्येक दांड्यावर दोन तपासनीस नेमले होते. दोघेही दुसऱ्याच्या शिक्क्यावर विसंबले आणि तडा गेलेला दांडा निर्धास्तपणे यंत्रात जाऊन बसला. तेव्हापासून एका दांड्याला एकच शिक्का आणि जबाबदार माणूसही एकच. एवढी साधी गोष्ट कारखान्याला एका अपघातात कळली होती. इथे रोज अपघात होत होते आणि खिडक्या मात्र वाढत होत्या.

कक्ष बंद होताना खिडकीतली मुलगी बाहेर आली. "वरच्यांना दोनदा फोन केला काका. माझ्या हातात एवढंच." मग आवाज उतरवून म्हणाली, "माझा भाऊ सीमेपलीकडे नर्स आहे. तिकडे सगळ्या देशाला मिळून एकच विमा, सरकारचा. त्याच्या इस्पितळात ही खोलीच नाही."

"या जागेवर तिकडे काय आहे?"

"खाटा."

गुरुवारी सकाळी बायकोला ताप चढला. ती थट्टा करीनाशी झाली, तेव्हा तपासनिसाने तिच्या पायाला हात लावून पाहिला. घोट्याच्या वरची कातडी निळसर झाली होती आणि थंडगार लागत होती. दोनदा पुसून पुन्हा ओढलेली रेघ आता नर्सने ओढलीच नाही. तिने पायावर फक्त चादर घातली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी खिडकी चारने मंजुरी दिली. तो कागद घेऊन जिन्याने धावत वर आला, तेव्हा स्ट्रेचर दारातून बाहेर पडत होते. सर्जनने कागद वाचून परत केला.

"ही शीर मोकळी करण्याची मंजुरी आहे. ती शस्त्रक्रिया आता करता येणार नाही. पाय कापावा लागेल, त्याला वेगळी मंजुरी लागते."

"म्हणजे परत खाली जाऊ?"

"जाऊ नका. पत्रासाठी मी थांबणार नाही. पुढचं काय ते इस्पितळ आणि मी बघून घेऊ. तुम्ही तिचा हात धरा."

त्याने हात धरला. तो तापाने भाजत होता. शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत त्याने तो सोडला नाही.

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी नर्सने नोंद केली. रुग्ण शुद्धीवर. उजव्या पायाचा शिल्लक भाग, गुडघ्याखाली : चौदा सेंटिमीटर.