मधली खुर्ची

माझी बायको आम्रपाली गेली हे मला भागोजीने सांगितलं. तो आमचा शेजारी. मी कोंबड्यांना दाणे टाकायला इस्पितळातून घरी आलो होतो. भागोजी मोबाइल हातात घेऊन दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी आला आणि म्हणाला, "प्रमोद, आधी खाली बस." त्याला फोन माझ्या मुलाने, महेंद्रने केला होता. माझा मोबाइल माझ्या खिशात होता आणि चालू होता.

महेंद्र आणि मी थेट बोलत नाही. भांडण नाही, सवय. मी समोर बसलेला असलो तरी तो म्हणायचा, "आये, बाबांना सांग, जेवून घ्या." मी म्हणायचो, "अगो, त्याला सांग, ऐकलं मी." आम्रपाली भाकरी थापता थापता म्हणायची, "दोघांच्या कानात काय बोळे घातलेत?" आणि तरी सांगायची. शेवटी तिच्याजवळ महेंद्र एकटाच होता. ती काय म्हणाली, तेवढं मला हवं आहे.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि माझी मुलगी श्रुती पुस्तकं काढून बसली. ती मुंबईत घराघरांतली भांडणं सोडवायचा कोर्स करते. तिचं स्वतःचं लग्न व्हायचं आहे, पण नवरा-बायकोची सगळी मॉडेलं पाठ आहेत. परीक्षेला एक खरं कुटुंब लागत होतं. नियमाप्रमाणे स्वतःचं कुटुंब घेता येत नाही, म्हणून तिने कागदावर आमचं आडनाव बदललं.

पहिल्या मॉडेलात पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, मेलेल्यावर फुली. श्रुतीने आईच्या गोलावर फुली मारली आणि पेन तसंच धरून बसली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बदललं. आता म्हणे, घरात कोण कुठे बसतो त्यावर सगळं असतं. मला चुलीजवळ बसवलं, महेंद्रला माझ्या जागेवर.

"काय वाटतं बाबा?"

"उकडतं."

मग तिसरं मॉडेल. घरातल्या अडचणीला नाव द्यायचं आणि तिला घराबाहेर काढायचं. महेंद्र म्हणाला, "ताई, 'बाबा' ठेव नाव." मला हसू आलं, पण सांगणार कोणाला?

शेवटी तिने प्लास्टिकची खुर्ची आणून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. "समजा, आई इथे बसली आहे. तिच्याशी बोला."

पहिल्यांदाच पुस्तक मला पटलं. मी खुर्चीला म्हटलं, "अगो, त्याला विचार, पेज खाल्ली का?"

महेंद्र खुर्चीकडे बघून म्हणाला, "आये, सांग त्यांना, खाल्ली. मीठ किती घालतात ते?"

"सांग त्याला, मीठ तू घालायचीस. मला अंदाज नाय."

"आये, त्यांना म्हणावं, उद्या मी घालतो."

घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. मी धीर केला. "अगो, त्याला विचार, शेवटी तू काय..."

महेंद्रने मान वर केली. तोंड उघडलं.

"थांबा!" श्रुती ओरडली. "हेच चुकतंय! हा त्रिकोण आहे, आणि आपल्याला तोच मोडायचाय. मधे कोणी नको. थेट बोला!" आणि तिने खुर्ची उचलून पडवीत नेऊन ठेवली.

मी महेंद्रकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. दोघांच्या मध्ये आता नुसती जमीन होती.

"ताई, मी जरा कोंबड्या झाकून येतो," तो म्हणाला आणि उठला. भर दुपार होती. कोंबड्या आवारात चरत होत्या.

श्रुती चांगल्या मार्कांनी पास झाली. वडील आणि मुलगा यांच्यातला त्रिकोण मोडला, असं तिने लिहिलं. खोटं नाही ते. त्रिकोण तर मोडलाच आहे.

महेंद्र अंजनवेलला कामाला लागला. दर रविवारी भागोजीला फोन करतो, बाबांना विचार औषध घेतलं का. भागोजी गडग्यावरून विचारतो, मी गडग्यावरून हो म्हणतो. पण ही गोष्ट भागोजीकरवी विचारायची नाही. खुर्ची पडवीतच आहे, तिच्यावर कोंबडी बसते.

आम्रपाली शेवटी काय म्हणाली, ते मी महेंद्रला अजून विचारलेलं नाही.