बांध फोडणारी माळीण

“कावून फोडून राहिल्या, वैनी? माह्या भावाच्या हातचा बांध आहे तो!” नत्थुजी वाटेवरूनच ओरडला.

दुर्गाबाईनं मान वर केली नाही. चिखलदऱ्यावर भाद्रपदातला पाऊस कोसळत होता आणि ही बाई घोटाभर चिखलात उभी राहून भाजीच्या वाफ्यांचे बांध फावड्यानं फोडत होती. दीर एवढा घाट चढून आला, त्याला निदान बसा म्हणावं, तेही नाही.

कापसाच्या भावानं अख्ख्या वऱ्हाडाचं डोकं फिरलं, त्याच साली तिचा नवरा पुंजाराम उलट्या दिशेनं निघाला होता. खाली लोक वांगी उपटून सरकी लावत होते, आणि हा गडी साहेबांच्या चार बंगल्यांना भाजी पुरवायला डोंगरावर आला. हाडाचा माळी. आल्याआल्या त्यानं गावासारखेच आखीव वाफे पाडले, पाणी धरायला चहूकडून बांध घातले. गावी पाणी धरावं लागतं, इथे ते घालवावं लागतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. श्रावणात वाफ्यांची डबकी झाली, रोपं सडली. पुंजारामनं ताप अंगावर काढला आणि त्यातच तो गेला.

“घरी चला,” नत्थुजी म्हणाला. “कापसाले सोन्याचा भाव आला. निंदाले बाया भेटून नाई राहिल्या. तुमाले मानानं ठेवतो. इथं जंगलात कोन आहे तुमचं?”

“मळा आहे.”

“सडला तो!”

“पान्याले वाट भेटली का पुन्हा लावीन, भाऊजी. त्यायनं सायबायले भाजी देतो म्हनून शब्द देला आहे.”

“मंग कोनी गडी लावा फोडाले. तुमाले काईच कसं वाटत नाई?”

आता मात्र तिचं फावडं थांबलं.

“वाटते ना. म्हनूनच दुसऱ्याले हात लावू देत नाई.”

पुढे त्या डोंगरावर पुष्कळ बंगले उठले, त्यांना मोठमोठी नावं मिळाली. ते गाव कुणी वसवलं असं मला विचाराल, तर मी आधी ह्या बाईचं नाव घेईन.

नत्थुजीनं घोंगडी उतरवली आणि खालच्या अंगाला चर खोदायला घेतला.

शेवटचा बांध उरला तेव्हा दुर्गाबाई खाली बसली. त्याच्यावरून तिनं सावकाश तळहात फिरवला. मग उठून फावडं उचललं.

तुंबलेलं पाणी उतारावरून निघून गेलं.