सात वाट्यांचा किनारा

मित्रांनो, मी पितळेचा जुना मसाल्याचा डबा आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. आधीच सांगतो, गोड बोलणार नाही.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात असताना माझ्या सात वाट्यांत हळद-तिखट असायचं. मग घरात स्टीलचा डबा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून मला काढलं लताबाईंनी. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. यजमान श्यामकांत रेल्वेत. दरवर्षी पासावर दोघं कोकणात जायचे. श्यामकांत एकेका किनाऱ्याची वाळू रुमालात बांधून आणायचे आणि बाई ती माझ्या एकेका वाटीत भरून मला वर्गात न्यायच्या. अलिबागची करडी. तारकर्लीची पांढरी. एकट्या रत्नागिरीच्या तर दोन, एक काळीभोर आणि एक पांढरी! समुद्र न पाहिलेली रायपूरची पोट्टी माझ्यात बोटं घालून विचारायची, "समुद्र एकच, मग रेती अलग काहून?" बाई सांगायच्या, काळी ती लोखंड असलेल्या खडकाची, पांढरी ती शिंपल्यांच्या चुऱ्याची. काय मान होता माझा!

श्यामकांत गेले. बिऱ्हाड नव्या रायपूरला आलं आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

परवा हरतालिका होती. पिंडीला वाळू हवी, आणि त्या रुंद रस्त्यांच्या गावात मूठभर मिळेना. सून रूपालीनं मला खाली ओढलं, सातही वाट्या परातीत पालथ्या केल्या, पाणी शिंपडलं आणि कालवलं. अगं, निदान विचारायचं तरी!

बाई आल्या आणि परात बघून ओरडल्याच.

"रेती म्हणजे रेतीच ना, आई? काहून एवढ्या चिडून राहिल्या?"

"हव? मग हळदीच्या जागी तिखट टाकत जा! तुझ्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी पिंड केली तू, अन् माझ्या नवऱ्यानं आणलेलं सारं कालवून टाकलं. आता कोण आणून देणार मले?"

रूपालीचं तोंड एवढंसं झालं. पूजलेली पिंड मोडता येईना. दुसऱ्या दिवशी तिनं तेलीबांध्याच्या तलावाऐवजी घरच्या बादलीतच विसर्जन केलं आणि वाळू पेपरावर वाळवली. बाईंनी फ्रिजवरचं चुंबक काढून त्या वाळूवरून फिरवलं. काळे कण टपाटप चिकटले. बाकीची तशीच पडून राहिली. बाई कितीतरी वेळ चुंबक फिरवत राहिल्या.

मित्रांनो, माझ्या एका वाटीत रत्नागिरीची काळी वाळू परत आली आहे. उरलेल्या सहांत जे आहे ते कुठल्याच गावचं नाही. दुसऱ्याच्या डब्यात हात घालण्याआधी विचारत जा, हे काय आहे, कोणी आणलं? विचारायला काय जीभ झिजते?