नकाशात नसलेली घळ

वडील गेल्यावर दोन्ही भावांनी शहर धरलं आणि उतारावरची जमीन धाकटीच्या गळ्यात पडली, असं सगळे म्हणायचे. खरं तर तिनं ती मागून घेतली होती. सात वर्षं एकटीनं कसली. पण वरच्या अंगाला पाण्यानं घळ पाडली होती आणि दर पावसात ती हातभर पुढे सरकायची.

बियाण्याच्या दुकानदारानं सांगितलं, "माती अडवायला सरकार दगडी बांध घालून देतं. वरच्या खर्चाला कमी व्याजाचं कर्ज. शुक्रवार शेवटचा दिवस."

मंगळवारी ती कचेरीत गेली. खिडकीपलीकडच्या कारकुनानं अर्ज घेतला, नकाशा पसरला आणि पट्टी फिरवून म्हणाला, "इथे घळ नाही."

"आहे. मी रोज ओलांडते."

"बाई, नकाशात नाही."

"मग परवा माझी शेळी पडली ती कशात? नकाशात?"

बाकावरचे दोघं हसले. कारकून हसला नाही. "आणि कर्जाला जामीन लागतो. घरातलं पुरुषमाणूस आणा."

बाहेर येऊन तिनं थोरल्या भावाला फोन लावला.

"सरकारी काम अन् सहा महिने थांब," तो म्हणाला. "कशाला डोकं फोडून घेतेस? विकून मोकळी हो."

"दादा, सही देतोस का?"

"नाही."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला. कचेरीच्या पायरीवर बसून रडायचं नाही, एवढं तिनं ठरवलं.

बुधवारी दार उघडायच्या आधीच ती हजर. "योजनेचे नियम वाचायचेत."

"तुम्हाला?"

"मलाच. चौथीत दोनदा बसले, म्हणून अक्षर पक्कं आहे."

"कपाटात आहेत. किल्ली साहेबांकडे."

"मग साहेब येईपर्यंत बसते."

ती बसली. कारकुनाचा चहा झाला, डबा झाला, एक डुलकीही झाली. धाकटी जागची हलली नाही. जाता-येता लोक विचारायचे, कशासाठी बसलीस? ती सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगायची. चार वाजता किल्ली कारकुनाच्याच खणात सापडली.

तिनं ओळीखाली बोट ठेवून वाचायला घेतलं. अकराव्या पानावर बोट थांबलं. नकाशा आणि जमीन यांत फरक असेल तर जागेवरची पाहणी धरावी. खाली आणखी एक ओळ होती: जामीन म्हणून त्या भागातला कोणीही जमीनधारक चालेल, बाई असो वा पुरुष.

"हे जरा मोठ्यानं वाचा," तिनं पुस्तक खिडकीतून आत सरकवलं.

"मला येतं वाचता."

"तुम्हाला येतं हो. बाकावरच्यांना ऐकू दे."

कारकुनानं वाचलं. दुसऱ्यांदा, जरा स्पष्ट.

गुरुवारी साहेब आले, पॉलिश केलेल्या बुटांत. घळीच्या काठावर उभे राहून म्हणाले, "फार खोल नसावी."

"उतरून बघा."

साहेब उतरले. आधी गुडघे दिसेनासे झाले, मग खांदे, मग डोकं. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "टेप द्या कोणीतरी."

जामीन राहिली खालच्या शेताची मालकीण, साऱ्या उताराची बाळंतपणं केलेली सुईण. अंगठ्याला लागलेली शाई पुसत ती म्हणाली, "तुझी माती दरवर्षी माझ्या विहिरीत येते गं बये. सही नाही करायची तर काय करायचं?"

शुक्रवारी दुपारी धाकटी खिडकीशी आली तेव्हा मागे सुईण होती आणि उतारावरची आणखी नऊ माणसं. कोणाची विहीर बुजत होती, कोणाचा बांध वाहून गेला होता. योजनेचं नाव त्यांतल्या एकानंही बुधवारपर्यंत ऐकलं नव्हतं.

कारकून उठून उभाच राहिला. "एवढे अर्ज आज नाही व्हायचे."

"पाच वाजायला तीन तास आहेत. शिक्का तुम्ही मारा, लिहायचं मी बघते."

तिनं बाक भिंतीशी ओढला, पेन काढलं आणि पहिल्या माणसाला विचारलं, "जमीन कोणाच्या नावावर?"

पाचला दोन मिनिटं कमी असताना शेवटचा शिक्का पडला.

अकरा अर्जांपैकी नऊ मंजूर झाले. धाकटीच्या घळीत तीन बांध उभे राहिले आणि त्या वर्षी पहिल्यांदा सुईणीच्या विहिरीत नितळ पाणी उतरलं. नामंजूर झालेल्या दोघांना घेऊन ती मोठ्या कचेरीत गेली. तिथल्या शिपायानं सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत, उशीर होईल.

"होऊ दे," ती म्हणाली आणि दोघांना आपल्या शेजारी जागा करून दिली.